रुजू होणे आणि टिकणे

नाशिकरोडच्या ज्या मुद्रणालयात १९२८ सालापासून या देशाच्या चलनी नोटा छापल्या जातात, त्याच्या उंच तटाजवळून रोज ये-जा करणाऱ्या माणसाच्याही सहसा ध्यानात येत नाही की, त्या तटाआड शाई कागदावर नुसती उमटवली जात नाही, काही ठिकाणी ती मुद्दाम उंचवून ठेवली जाते. शंभराच्या नोटेवर त्रिकोण, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ, शिवाय कडांना तिरप्या उठावदार रेषा, शंभराला चार आणि पाचशेला पाच. डोळसांच्या लेखी ही सारी नक्षी, परंतु ज्याला दृष्टी नाही त्याच्या अंगठ्याला हीच अक्षरे होत. हाती आलेला पगार आपला आपण मोजून घेता येणे ही गोष्ट ज्याने कधी गमावली नाही त्याला तिचे मोल कळणे कठीण. आणि ज्याला तो दुसऱ्याकडून मोजून घ्यावा लागतो, त्याच्या कष्टाच्या कमाईतही परस्वाधीनतेचा एक अंश मिसळलेलाच राहतो.

या खुणेची पुढची हकीकत मात्र तितकी समाधानाची नाही. नवी कोरी नोट बोटांशी बोलते. पण भाजीबाजारातल्या ओल्या हातांतून, घामट खिशांतून आणि गल्ल्यातल्या रबरी बंधांखालून ती फिरत राहिली की उठाव दबतो, रेषा सपाट होतात आणि नोट मुकी होते. पूर्वी निदान लांबीचा आधार असे, कारण जुन्या मालिकेत शंभराची नोट १५७ मिलिमीटर आणि पाचशेची १६७ मिलिमीटर, म्हणजे दोहोंत एका सेंटिमीटरचे अंतर होते. २०१६ पासून आलेल्या मालिकेत शंभराची १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५० मिलिमीटर अशी मापे ठरली, आणि शेजारच्या दोन नोटांत अवघे चार मिलिमीटर अंतर उरले. अंधांसाठी काम करणाऱ्या ‘नॅब’ या संस्थेला या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी लागली, आणि २०२० च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने मोबाइलचा कॅमेरा नोटेपुढे धरला असता तिचे मूल्य बोलून दाखवणारे एक ॲप काढले. खूण करणे हे एक काम आणि ती टिकवणे हे निराळे काम. पहिले कारखान्यात एका दिवसात होते, दुसरे रोजच्या वापरात, वर्षानुवर्षे करावे लागते.

अपंग माणसाच्या नोकरीसंबंधीही मला नेमके हेच सांगावयाचे आहे. आपल्याकडे कोणी अंध, बधिर वा पांगळा माणूस कामावर घेतला गेला की हार-तुरे होतात, छायाचित्र निघते, चार शब्द बोलले जातात, आणि तो रुजू झाला म्हणजे प्रश्न सुटला असे मानून आपण दप्तर बांधून टाकतो. तो सहा महिन्यांनी त्या जागेवर आहे की नाही, सहा वर्षांनी आहे की नाही, यंत्र बदलल्यावर, साहेब बदलल्यावर, त्याला नेणारा-आणणारा भाऊ लग्न होऊन वेगळा राहू लागल्यावर त्याचे काय झाले, याची नोंद ठेवणारी वही फारशी कोणी उघडत नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत आज ‘शाश्वत’ हा शब्द पुष्कळ ऐकू येतो. छपरावर सूर्यशक्तीच्या तावदानांची रांग, सांडपाणी शुद्ध करून त्यावर वाढवलेली बाग आणि कुंपणाकडेने लावलेली झाडे दाखवून कारखानदार रास्त अभिमानाने हा शब्द उच्चारतात. परंतु त्या भारदस्त तत्सम शब्दाच्या पोटात ‘टिकणे’ हे आपले घरगुती क्रियापदच आहे, आणि जेथे पाणी टिकते, वीज टिकते, पण माणूस टिकत नाही, त्या जागेला शाश्वत म्हणावयास माझे मन धजत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची जी १७ उद्दिष्टे जाहीर केली, त्यांतील आठव्या उद्दिष्टात अपंगांना सन्मानाचे काम आणि सारख्या मोलाच्या कामाला सारखा मोबदला ही गोष्ट शब्दशः लिहिलेली आहे. झाडे आणि माणसे तेथे एकाच सनदेत बसली आहेत.

आकडे थोडक्यात सांगून पुढे जातो. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. देशातील या सर्वांमध्ये काही ना काही काम करून मिळवणारे शेकडा ३६. पुरुषांत शेकडा ४७ आणि स्त्रियांत केवळ २३. म्हणजे दृष्टी किंवा पाय यांच्या जोडीला स्त्रीत्व आले की संधी पुन्हा निम्मी होते.

टिकण्याचा प्रश्न किती जुना आणि किती अवघड आहे ते पाहावयाचे असेल, तर जुन्या कचेरीतली वेताची खुर्ची डोळ्यांपुढे आणावी. मामलेदार कचेरीत, कोर्टात, ग्रंथालयात, शाळेच्या शिक्षक-खोलीत जेथे म्हणून सागवानी खुर्च्या होत्या तेथे त्यांची वेताची बैठक काही वर्षांनी फाटे, आणि ती विणून देण्याचे काम अंधांच्या उद्योगशाळांकडे जाई. वेताच्या सालीच्या पातळ पट्ट्या पाण्यात भिजवून मऊ करावयाच्या. बैठकीच्या लाकडी चौकटीला चारी बाजूंनी जी भोके असतात त्यांतून पहिला फेर मागून पुढे घालावयाचा आणि भोकाभोकांत लाकडी खुंट्या ठोकून पट्टी ताणून धरावयाची. दुसरा फेर आडवा. तिसरा पुन्हा पहिल्याच्याच दिशेने, पण त्याच्या किंचित शेजारून. चौथा आडवा, मात्र आता वर-खाली ओवत. आणि मग दोन फेर तिरपे, एक या कर्णाने, दुसरा त्या कर्णाने. हे सहा फेर पुरे झाले की चौकोनी जाळीची अष्टकोनी जाळी होते, आणि शेवटी काठपट्टीने भोके झाकली जातात. डोळस माणूसही या तिरप्या फेरात हमखास चुकतो. अंध कारागीर चुकत नाही, कारण तिरपी पट्टी चुकीच्या अंगाने गेली तर ती सरकत नाही, शेजारच्या पट्टीच्या धारेवर घासते, आणि ते घासणे डोळ्याला दिसण्याच्या आधी बोटाला कळते. अंधत्व असूनही माणूस काम करतो असे आपण कौतुकाने म्हणतो. येथे काम ज्या इंद्रियाचे आहे त्याच इंद्रियाला ते सोपवलेले होते, एवढीच गोष्ट होती, आणि एवढीच पुरेशी होती.

या खुर्चीत आणखी एक शहाणपण होते. ती फेकली जात नसे. चौकट दोन पिढ्या टिके, बैठक दर काही वर्षांनी नवी होई, आणि तिच्या प्रत्येक जीर्णतेत एका अंध कुटुंबाची काही दिवसांची मीठभाकर असे. पुढे एका साच्यातून ओतलेली प्लास्टिकची खुर्ची आली. ती स्वस्त, हलकी, धुता येणारी. आणि पाय मोडला की तिला उकिरड्याखेरीज दुसरी गती नाही. दुरुस्तीची संस्कृती गेली तेव्हा पृथ्वीवर कचरा वाढला हे आपण जाणतो. त्याच वेळी दुरुस्तीवर जगणारे हातही रिकामे झाले, आणि त्यांत अंध हात फार होते, हे मात्र आपल्या हिशेबात कोठे जमा धरलेले दिसत नाही.

टेलिफोनचेही तसेच झाले. ज्या काळी प्रत्येक बँकेत, गिरणीत आणि मोठ्या कचेरीत टेलिफोन जोडून देणारा मनुष्य बसे, त्या काळी तीव्र कान आणि पक्की स्मृती असलेल्या अंध तरुणांनी ती जागा नावारूपाला आणली. विजय मर्चंट यांच्यासारखा कीर्तिमान क्रिकेटपटू आपले वजन खर्च करून अंधांच्या नोकऱ्यांसाठी उद्योगपतींकडे शब्द टाकी. मग फोन आपोआप जुळू लागले. एसटीडी बूथचा पिवळा फलक आला, तेव्हा ते बूथ देताना अपंगांना अग्रक्रम मिळाला, आणि बसस्थानकाजवळच्या त्या काचेच्या खोपटात पाय गमावलेल्या कित्येक गृहस्थांनी मुलांची शिक्षणे केली. मोबाइल आला आणि ती खोपटी ओस पडली. वेत, टेलिफोन, बूथ या तीन गोष्टींतून मी एकच निष्कर्ष काढतो, आणि तो बराच विचार करून काढतो: एखाद्या अपंगत्वाच्या नावाने एखादा धंदा कायमचा मांडून द्यावा, अंधांनी खडू करावे, बधिरांनी छापखान्यात जावे, पांगळ्यांनी शिवणयंत्रावर बसावे, ही व्यवस्था दयाळू असली तरी धोक्याची आहे, कारण धंदा बुडाला की एकजात एका प्रकारची सगळी माणसे एका दिवसात बुडतात. माणसाला धंदा बदलता आला पाहिजे. ‘नॅब’च्या महाराष्ट्र शाखेचे मुख्य ठाणे नाशिकलाच, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे, आणि यंत्रांच्या शेजारी ते असावे ही मला फार अर्थपूर्ण गोष्ट वाटते. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली आज विनामूल्य मिळते. ‘एनव्हीडीए’ नावाची ती प्रणाली २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनीच लिहावयास घेतली, आणि ती मराठीही बोलते. वेताची जाळी बोटाने वाचणाऱ्याच्या नातवाला ताळेबंद कानाने वाचता येईल, मात्र हिशेबाची प्रणाली बनवणाऱ्याने बटणाला नाव दिलेले असले पाहिजे. नुसते चित्र लावून ठेवले तर वाचणारी प्रणाली तेथे ‘बटण, बटण’ एवढेच म्हणत राहते, आणि नोकरी त्या एका निनावी बटणापाशी अडते.

आपल्या परंपरेत अंध आणि पंगू यांची एक जोडी फार प्राचीन आहे. सांख्यकारिकेत प्रकृती आणि पुरुष यांचा संयोग समजावून देताना ईश्वरकृष्णाने हाच दृष्टान्त घेतला: एकाला चालता येते, दुसऱ्याला दिसते, आणि दोघे मिळून जातात. दर्शनकारांना सृष्टीची उत्पत्ती सांगावयाची होती, समाजकल्याण नव्हे. तरीही विश्वाच्या आरंभासाठी उपमा शोधताना त्यांना ही दोन माणसे सुचली, आणि तीही भीक मागताना नव्हे, तर मार्ग आक्रमिताना सुचली, हे मला महत्त्वाचे वाटते.

तो दृष्टान्त मातीत उतरलेला पाहावयाचा तर वरोऱ्यास जावे. बाबा आमटे आणि साधनाताई यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना करून खडकाळ जमिनीवर आनंदवन उभे करावयास घेतले, तेव्हा त्यांच्याबरोबर जे मूठभर रुग्ण होते त्यांच्या हातांत दान घालण्याऐवजी कुदळ घातली. भिक्षेने माणूस खचतो आणि कामाने उभा राहतो हा त्यांच्या साऱ्या आयुष्याचा सिद्धान्त. पण कुष्ठरोग्याच्या हातात कुदळ देणे ही बोलण्याइतकी सोपी गोष्ट नव्हे. रोगाने ज्या हातातली संवेदना गेली आहे त्या हाताला आपण दांडा किती घट्ट धरला आहे ते कळत नाही; निरोगी माणूस दुखू लागताच पकड सैल करतो, याला दुखतच नाही, म्हणून तो आवळतच जातो, कातडी सोलवटते, जखम चिघळते आणि बोटे झडतात. वेल्लोरला डॉक्टर पॉल ब्रँड यांनी या रोग्यांच्या हातांचा अभ्यास करून दाखवले की, बोटे झडण्याचे मोठे कारण अशा न कळलेल्या इजा हे आहे. म्हणून अवजाराचा दांडा जाड करावा लागतो, त्याला कापड गुंडाळावे लागते, आणि संध्याकाळी प्रत्येकाने आपले तळहात डोळ्यांनी तपासावे अशी शिस्त लावावी लागते. दांड्याला गुंडाळलेले ते कापड हीच माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची वस्तू. ते नसेल तर श्रमाचा सिद्धान्त माणसाचे हात खाऊन टाकील. पुढे आनंदवनात संधिनिकेतनातून अंध, बधिर आणि अस्थिव्यंग तरुणांना धंदेशिक्षण मिळू लागले, आणि डॉक्टर विकास आमटे यांनी टाकाऊ टायर आणि प्लास्टिक बांधबंदिस्तीला व इतर कामांना लावून, समाजाने टाकलेली वस्तू आणि समाजाने टाकलेला माणूस यांचा एकत्र उपयोग करून दाखवला.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांची वाट याहून निराळी. ऐन तारुण्यात कमरेखालचे शरीर निकामी झाल्यावर त्यांनी चाकाच्या खुर्चीतून सरकारी नोकरी केली, १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, आणि पुढे सिंधुदुर्गात कुडाळ तालुक्यातल्या मोरे गावी ‘स्वप्ननगरी’ वसवून तेथे काजूचा कारखाना घातला. काजूच का, याचे उत्तर कोकणच्या मातीत जसे आहे तसे कामाच्या रीतीतही आहे. काजू फोडण्याचे प्रचलित यंत्र हात आणि पाय दोहोंनी चालते, तेथे पांगळ्याची अडचण होते; पण साल काढणे, निवडणे आणि प्रतवारी लावणे ही कामे बसून, टेबलावर, नजर आणि बोटे यांच्या जोरावर व्हावयाची असतात. काजूच्या व्यापारात ज्याला ३२० नंबर म्हणतात तो एका पौंडात सुमारे ३२० दाणे बसावेत असा. ही पारख बोटांत असावी लागते, पायांत नव्हे. फक्त चाकाची खुर्ची टेबलाखाली सरकेल इतके ते टेबल उंच हवे. म्हणजे पुन्हा दांड्याला कापड.

इथवर आपण जन्माने वा रोगाने अपंग झालेल्यांचा विचार केला. कारखाना स्वतःही अपंगत्व निर्माण करतो, याचा उच्चार करताना उद्योगनगरीतील लेखकाची लेखणी जरा अडखळते. पण तो केला पाहिजे. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत पत्रा दाबणारे प्रेस असतात. वरचा साचा खालच्या साच्यावर आदळतो, मधला पत्रा आकार घेऊन बाहेर येतो, आणि कामगाराने नवा पत्रा आत सरकवावयाचा असतो, पाळीत हजारो वेळा. हात आत असताना साचा खाली येऊ नये म्हणून दोन बटणे एकमेकांपासून दूर बसवतात. दोन्ही तळहात दोन्ही बटणांवर एकदम पडतील तेव्हाच यंत्राने ठोका द्यावयाचा. युक्ती साधी आहे आणि अचूक आहे. मग नगावर पैसे ठरतात, मुकादम घड्याळाकडे बघतो, आणि एक बटण लाकडाची पाचर मारून किंवा पट्टी चिकटवून दाबून ठेवले जाते, म्हणजे एक हात पत्रा सरकवायला मोकळा होतो. त्याच मोकळ्या हाताची बोटे जातात. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात बोटांचे दरपत्रक दिलेले आहे: अंगठा गेला तर कमाईची शक्ती शेकडा ३० ने घटली असे समजावे, संपूर्ण तर्जनी गेली तर १४ ने, मधले बोट गेले तर १२ ने. हे आकडे लिहिणाऱ्यांचा हेतू कामगाराच्या हिताचाच होता. तरी रात्री आपला भात कालवताना ते आठवले तर घास घशात अडकतो.

अशा कामगाराचे पुढे काय? सरकारी सेवक असेल तर कायदा त्याच्या पाठीशी उभा आहे. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून कोणाला बडतर्फ करू नये, पदावनत करू नये. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसऱ्या कामावर घ्यावे, आणि तशी जागा नसेल तर जादा जागा निर्माण करून त्याला निवृत्तीपर्यंत सांभाळावे, असे अपंगांविषयीच्या १९९५ च्या कायद्यात होते आणि २०१६ च्या कायद्यातही आहे. सेवेत पायाला दुखापत होऊन तो कापावा लागलेल्या एका शिपायाला अपात्र ठरवून घरी बसवले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये या तरतुदीचा आधार घेऊन त्याचा हक्क मान्य केला. खासगी कारखान्यात मात्र ही तरतूद पोहोचत नाही. तेथे बोटे गेलेल्या माणसाचा बहुधा हिशेब होतो. वास्तविक त्याच्याइतका त्या यंत्राचा जाणता दुसरा कोण? पाचर कोठे मारतात, कोणत्या तासाला डोळा लागतो, कोणता साचा अडकतो हे ज्याला देहाने कळले, त्याला सुरक्षेच्या तपासणीवर नेमणे हा दयेचा भाग नसून कारखान्याच्या शहाणपणाचा भाग आहे, असे मी आग्रहाने म्हणेन.

२०१६ चा कायदा एरवी व्यापक आहे. १९ एप्रिल २०१७ पासून तो अंमलात आला. जुन्या सात प्रकारांच्या जागी त्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. सरकारी जागांतील राखीव वाटा शेकडा ३ वरून ४ केला आणि प्रथमच बौद्धिक व मानसिक अपंगत्वालाही त्यात स्थान दिले. खासगी मालकांवर राखीव जागांची सक्ती नाही. शेकडा ५ अपंग कामगार ठेवणाऱ्यांना सरकारने उत्तेजन द्यावे एवढेच त्यात म्हटले आहे. मात्र समान संधीचे धोरण जाहीर करण्याचे बंधन सर्वांवर आहे, आणि २० किंवा अधिक माणसे जेथे काम करतात तेथे कोणत्या सोयी केल्या आहेत व कोणती कामे अपंगांसाठी योग्य ठरवली आहेत याचा तपशीलही त्या धोरणात द्यावा लागतो. महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग काढला. कायद्याच्या या साऱ्या इमारतीत मला सर्वांत मोलाचा वाटणारा शब्द ‘वाजवी सोय’ हा आहे. मालकावर अवाजवी भार पडणार नाही अशा बेताने, त्या एका माणसासाठी, त्या एका कामात आवश्यक तो फेरबदल करणे, आणि तो न करणे हा भेदभाव समजणे. दांड्याचे कापड कायद्यात आले ते असे.

वाजवी म्हणजे किती, हे प्रत्यक्षात पाहिले की मालकांची पुष्कळशी भीती मावळावी. दोन पायऱ्यांची एक फूट उंची चाकाच्या खुर्चीने ओलांडावयाची तर बाराला एक या मानाने बारा फूट लांबीचा उतार बांधावा लागतो. हे गवंड्याचे थोड्या दिवसांचे काम. बधिर कामगार गोंगाटाच्या खात्यात चांगला, असा एक समज कारखान्यांत आढळतो, तो मात्र अर्धवट आणि घातक आहे; गोंगाटाचा त्रास त्याला कमी होत असेल, पण मागून येणाऱ्या मालवाहू गाडीचा भोंगाही त्याला ऐकू येत नाही, म्हणून भोंग्याच्या जोडीला फिरता दिवा हवा आणि वळणावर आरसा हवा. तो दिवा मग कानात बोळे घालून काम करणाऱ्या बाकीच्या सगळ्यांच्याही उपयोगी पडतो. आणि हे सारे फाटकाच्या आत झाले. घरापासून फाटकापर्यंतचा रस्ता, बसची पायरी, पावसाळ्यात उघडी पडलेली गटारे ही कारखानदाराच्या हातात नसतात, तरी कामगाराची हजेरी त्यांच्याच हातात असते.

सर्वांत अवघड भाग बौद्धिक अपंगत्वाचा. नाशिकात १९७७ मध्ये रजनीताई लिमये यांनी ‘प्रबोधिनी’ ही शाळा सुरू केली, ती स्वतःच्या घरात असे मूल असल्याने त्या दुःखाची आणि त्या उपेक्षेची पूर्ण ओळख झाल्यावर. शाळा झाली, पण मुले मोठी होतात. अठरा वर्षांच्या मुलाला पुन्हा त्याच बाकावर बसवता येत नाही, आणि घरी बसवले तर शिकलेलेही विसरते. म्हणून अशा शाळांना संरक्षित कार्यशाळा जोडाव्या लागतात. तेथले काम कसे चालते ते एका कागदी पिशवीवरून सांगतो. पिशवीची घडी नेमकी कोठे पडावी हे डोक्यात धरून ठेवणे ज्याला जमत नाही, त्याच्यापुढे लाकडी साचा ठेवतात. कागद साच्याच्या कडेला टेकवला की घडी आपोआप योग्य जागी येते. एकजण घडी घालतो, दुसरा खळ लावतो, तिसरा भोके पाडतो, चौथा दोरी ओवतो. ज्याला दहापर्यंत मोजता येत नाही त्याच्यापुढे दहा खाचांची फळी असते. सर्व खाचा भरल्या की दहा झाले, गठ्ठा बांधायचा. मोजणे फळीत ठेवलेले आहे, आणि माणूस बिनचूक मोजतो. २०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, त्यामुळे कागदी आणि कापडी पिशवीला बाजार आला; प्लास्टिकने एके काळी अंधांच्या हातातला वेत काढून घेतला होता, त्या प्लास्टिकच्या जाण्याने निराळ्या हातांना काम मिळण्याची ही संधी होती आणि अजूनही आहे.

या मुलांच्या आईबापांशी थोडे बोलले की एक प्रश्न निघाल्याशिवाय राहत नाही, आणि तो बहुधा आई विचारते, निरोप घेताना, चपला घालता घालता: ‘आमच्या मागे याचं काय?’ टिकणे या शब्दाची कसोटी त्या प्रश्नात आहे, कारण मूल चाळिशीचे होते तेव्हा आईबाप सत्तरीला आलेले असतात. कार्यशाळेत त्याला रोज यावयास जागा आहे, त्याची हजेरी लागते, न आला तर कोणीतरी फोन करते, महिन्याला थोडे का होईना पैसे त्याच्या नावावर जमा होतात. त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर हे नव्हे, पण उत्तराची सुरुवात येथून होते. या कार्यशाळांना मागणी येते ती मात्र सणासुदीला. आश्विनात पणत्या, आकाशकंदील, भेटीच्या पिशव्या यांची गर्दी उसळते, कंपन्यांच्या मोटारी दाराशी लागतात, रात्री उशिरापर्यंत पालकही खळ लावत बसतात. भाऊबीज झाली की सामसूम. साचे भिंतीला टेकवून ठेवलेले, फळीच्या दहाही खाचा रिकाम्या, आणि सकाळी दहाच्या ठोक्याला न चुकता आलेला तो चाळिशीचा मुलगा आपल्या जागेवर बसून कागदाची वाट पाहतो. वास्तविक कचेऱ्यांना फायली बारा महिने लागतात, पाकिटे बारा महिने लागतात, औषधांच्या दुकानांना लहान पिशव्या रोज लागतात, आणि सातपूरच्या कारखान्यांना सुट्या भागांच्या गठ्ठ्यांवर बांधावयाच्या चिठ्ठ्या रोज हजारोंनी लागतात. त्या मागणीतली थोडीशी मागणी पौषात यावयास हवी.